विकर्स मशीनगन आणि चार लिटर पाणी

गोळी सुटते तेव्हा काडतुसातल्या दारूच्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा गोळीच्या वाट्याला येतो. बाकीची बरीचशी ऊर्जा तापलेल्या वायूंबरोबर बाहेर पडते आणि उरलेली नळीत मुरते. थांबून थांबून झाडल्या जाणाऱ्या रायफलला हे सहज सोसतं. मिनिटाला ४५० ते ५०० गोळ्या झाडायच्या असतील, तर मात्र नळी भराभर तापते, आतल्या सर्पिल खाचा झिजतात आणि नेम बिघडतो.

ब्रिटिश लष्कराने १९१२ मध्ये स्वीकारलेल्या विकर्स मशीनगनमध्ये यावर साधा उपाय होता. नळीभोवती पत्र्याचं जाड नळकांडं, आणि त्यात सुमारे चार लिटर पाणी. कल्पना मूळची स्वयंचलित मशीनगनचे जनक हायरम मॅक्सिम यांची, १८८० च्या दशकातली.

सलग मारा केला की साधारण ६०० गोळ्यांनंतर हे पाणी उकळायला लागे. इथे हिशोब करून पाहण्यात मजा आहे. चार लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १,३४० किलोजूल उष्णता लागते. म्हणजे दर गोळीमागे दोन किलोजूलहून थोडी जास्तच. आणि विकर्सच्या .३०३ इंची गोळीची स्वतःची गतिज ऊर्जा? तीन किलोजूलच्या आसपास! एवढ्या संहारक यंत्राची इतकी ताकद निव्वळ पाणी तापवण्यात खर्च व्हायची.

पाण्याचं खरं काम उकळी फुटल्यावर सुरू होतं. आधण कितीही खळखळलं तरी त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही. येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३३५ किलोजूल पुरतात, पण त्याची पूर्ण वाफ करायला २,२६० लागतात. जवळजवळ पावणेसातपट. त्यामुळे वरून पाणी घालत राहिलं, की मारा तासन्‌तास चालू ठेवता येई. साधारण १०,००० गोळ्यांनंतर झिजलेली नळी बदलायची, बस.

वाफेचा लोट दिसला तर शत्रूला ठिकाण कळणार. म्हणून वाफ रबरी नळीने एका डब्यात सोडत; तिथे ती थंड होऊन पुन्हा पाणी हाती येई. त्या पाण्याचा सैनिक चहा करत, असं सांगतात. नळीच्या टोकांना गळती रोखायला ॲस्बेस्टॉस या आरोग्याला घातक तंतुमय खनिजाचं पॅकिंग असे, हे आठवलं की तो चहा नकोसा वाटतो.

गोळ्या येत २५० काडतुसांच्या कापडी पट्ट्यातून. गोळी सुटल्याच्या धक्क्याने नळी थोडी मागे सरके आणि त्याच जोरावर रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. पाण्याशिवाय गनचं वजन १५ किलोच्या आसपास, तिवई त्याहून जड. ती वाहून न्यायला आणि चालवायला सहा जणांचं पथक लागे.

पुढे पटकन बदलता येणाऱ्या नळ्यांच्या हलक्या मशीनगन आल्या आणि ब्रिटिश लष्कराने १९६८ मध्ये विकर्सला निरोप दिला. १९४१ मध्ये बेळगावात उभारलेल्या आणि १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झालेल्या महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर मात्र एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स आजही आहेत.