बिंदू स्थापन करण्याचा सराव

आलेख कागदावर परस्परांना लंब असे दोन अक्ष आखून, दिलेल्या क्रमित जोडीवरून बिंदूची जागा ठरवणे म्हणजे बिंदू स्थापन करणे. आडवा तो क्ष-अक्ष, उभा तो य-अक्ष, आणि ते छेदतात तो आरंभबिंदू (०, ०). जोडीतली पहिली संख्या क्ष-निर्देशक (भुज), दुसरी य-निर्देशक (कोटि). अक्षांमुळे प्रतलाचे चार चरण होतात; ते उजवीकडच्या वरच्या चरणापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात.

फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती रने देकार्त याने १६३७ मध्ये छापलेल्या ग्रंथात भूमितीला बीजगणिताची जोड दिली. फ्रेंच गणिती पिअर द फर्मा यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच विचार केला, पण त्याचे लेखन १६७९ मध्ये, मृत्यूनंतर छापले गेले. ऋण बाजूसह पूर्ण आखलेले दोन अक्ष आणि चार चरण ही आजची मांडणी मात्र देकार्तच्या ग्रंथात नाही. ती पुढे रूढ झाली. त्यामुळे ऋण निर्देशकांशी विद्यार्थी अडखळला, तर त्यात नवल नाही.

(३, ५) आणि (५, ३) यांची अदलाबदल ही चूक सर्वांना ठाऊक असते. तिच्याहून खोल चूक चौकट मोजण्याची आहे. नकाशाच्या पुस्तकात किंवा बुद्धिबळाच्या पटावर अक्षर आणि अंक मिळून एक घर दाखवतात. निर्देशकांची जोडी घर दाखवत नाही. ती दोन रेषांचा छेद दाखवते. हा फरक न कळलेला विद्यार्थी अंक रेषांखाली न लिहिता रेषांमधल्या जागेत लिहितो, पहिल्या चौकटीला १ म्हणतो आणि बिंदू चौकटीच्या मध्यावर काढतो. मग (०, ४) कुठे काढायचा हेच त्याला सुचत नाही. म्हणून अक्षांवरचे बिंदू शेवटी उरकण्याऐवजी पहिल्याच दिवशी द्यावेत. दर वेळी बोट आरंभबिंदूवर ठेवून आधी आडवे, मग उभे सरकवणे ही सवय पाठ केलेल्या नियमापेक्षा जास्त टिकते. जमिनीवर खडूने मोठी जाळी आखून तिच्यावर प्रत्यक्ष चालायला लावले, तर शून्य पावले म्हणजे काय हेही पायांना कळते.

सरावासाठी स्वतःची चूक स्वतःला दिसेल अशी उदाहरणे उत्तम. (−२, −३), (−१, −१), (०, १), (१, ३), (२, ५) हे बिंदू एका रेषेत येतात. एखादा बाहेर पडला, तर कोणी न सांगता लक्षात येते. आयताचे तीन शिरोबिंदू देऊन चौथा विचारणे, किंवा एका विद्यार्थ्याने चित्र काढून त्याचे बिंदू दुसऱ्याला फक्त तोंडी सांगणे, यांत निर्देशक वाचण्याचाही सराव होतो. पुढे प्रमाण बदलावे: एका चौकटीला ५ एकक धरले की नुसते चौकटी मोजणारे लगेच ओळखू येतात.

हे संकेत सगळीकडे सारखे नसतात. संगणकाच्या पडद्यावर आरंभबिंदू बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य-निर्देशक खाली जाताना वाढतो. भूगोलात अक्षांश आधी आणि रेखांश नंतर सांगतात, म्हणजे आधी उभे, मग आडवे: क्रम नेमका उलटा.