भीमाशंकरचं शेकरू

शेकरू म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, झाडावर राहणारी मोठी खार, शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. पुण्यात सोसायटीच्या कंपाउंडवर पळापळ करणारी पट्टेवाली खार असते ना, तिच्याच कुळातलं, पण साइज बघितला तर नातं पटत नाही. डोकं आणि धड मिळून ३५-४० सेंमी, शेपूट त्याहून लांब आणि वजन दीड ते दोन किलो. भारताबाहेर कुठेही सापडत नाही. महाराष्ट्रात फणसाड, कोयना, राधानगरी, मेळघाट इथे पण आहे, तरी पुणेकर माणूस शेकरू म्हणाला की त्याच्या डोक्यात भीमाशंकरच असतं.

तसं कारण पण आहे. १८३१ साली विल्यम साईक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या घाटातल्या या खारीचं वर्णन केलं आणि नाव दिलं एल्फिन्स्टनचं, म्हणजे पेशवाईच्या शेवटी पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणजे प्रतिनिधी होता आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तोच. आजही भीमाशंकरच्या शेकरूला एल्फिन्स्टोनी उपजात म्हणतात, काही तज्ज्ञ ती वेगळी धरत नाहीत, तो वाद चालूच आहे. ओळखायला सोपं: पाठ एकसारखी तांबूस-तपकिरी, पोट आणि पाय फिकट, शेपटीचं टोक पण फिकट. दक्षिणेतल्या शेकरूच्या अंगावर काळा रंग भरपूर असतो. २०१९ मध्ये केरळच्या शेकरूचे जांभळट फोटो व्हायरल झाले होते, ते बघून भीमाशंकरला जाणाऱ्याची निराशा होणार हे नक्की.

आता जंगल. शिवाजीनगरहून एसटी धरली की राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे करत घाटमाथ्यावर पोचतो, तिथे अंजन, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान आहे, मधे मधे आंबा, उंबर, हिरडा. पश्चिमेला थेट कोकणात उतरणारा कडा, त्यामुळे जून ते सप्टेंबर ढग अक्षरशः झाडांमधून चालत असतात आणि दहा फुटांवरचं दिसत नाही. वाऱ्यामुळे झाडं फार उंच जात नाहीत पण फांद्या एकमेकांत घुसलेल्या असतात, आणि शेकरूला नेमकं तेच लागतं. ते जमिनीवर उतरायला बघत नाही, या झाडावरून त्या झाडावर जातं, वीसेक फुटांची उडी आरामात मारतं. मधे रस्ता रुंद केला, चार झाडं पाडली की आपल्याला काही फरक वाटत नाही, शेकरूचा मात्र रस्ताच तुटला, मग ते खाली उतरणार आणि कुत्र्याच्या नाहीतर बिबट्याच्या तावडीत सापडणार. त्यामुळे जंगल किती हेक्टर आहे यापेक्षा वरून किती सलग आहे हे विचारायला हवं असं माझं मत.

खाताना जरूर बघावं. साध्या खारीसारखं शेपूट पाठीवर घेऊन बसत नाही. स्वतःला फांदीवर आडवं टाकून घेतं, पुढचं अंग एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला लोंबतं आणि त्याच्या वजनावर तोल सांभाळला जातो, मग दोन्ही हात मोकळे. कधी नुसत्या मागच्या पायांवर उलटं लटकून पण खातं. फळं, बिया, फुलं, पानं, साल, मिळालं तर किडे आणि पक्ष्यांची अंडीसुद्धा. धोका वाटला तर खटखटखट असा मोठा आवाज करतं किंवा फांदीला चिकटून दगडासारखं पडून राहतं, गरुड वर घिरट्या घालत असेल तेव्हा हे जास्त.

घरटं काटक्या आणि पानांचं, गोल, मोठं, उंचावर बारीक फांद्यांच्या बेचक्यात, म्हणजे जड प्राणी तिथवर जाऊच शकत नाही. आणि एक शेकरू एकच घरटं करत नाही, बरीच करतं आणि आलटून पालटून वापरतं. वन खात्याची शेकरू गणना घरटी मोजून होते, त्यात वापरातली आणि सोडलेली वेगळी धरतात, पण खालून मान वर करून हे ठरवायचं म्हणजे अवघडच, त्यामुळे पेपरात शेकरू वाढले असा आकडा आला की तो घरट्यांचा आहे की जनावरांचा ते आधी बघावं.

राज्यप्राणी असूनही याच्यावर अभ्यास वाघ-बिबट्याच्या मानाने फारच थोडा झालाय. संशोधक रेनी बोर्जेस यांनी १९८०च्या दशकात त्याच्या खाण्यावर केलेलं काम अजूनही आधाराला घेतलं जातं.

अभयारण्य १९८५ चं, सुमारे १३१ चौ.किमी, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. आत महादेव कोळ्यांची गावं आहेत, हिरडा गोळा करणं हे त्यांचं जुनं उत्पन्न, आणि आहुप्यासारख्या ठिकाणी देवराया टिकल्यात म्हणून जुनी मोठी झाडं पण टिकली. दुसऱ्या बाजूला श्रावणातली आणि महाशिवरात्रीची गर्दी, प्लास्टिक, गाड्यांचे हॉर्न. शेजारच्या डोंगरांवर पवनचक्क्यांसाठी झाडं गेली आणि रस्ते कापले गेले, त्याचा उल्लेख पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात आहे.

बघायचंच असेल तर सकाळी लवकर गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागावं, दुपारी ते झोप काढतं. खाली अर्धवट कुरतडलेली ताजी फळं पडलेली दिसली की तिथेच थांबून वर बघायचं. आणि वेफर्स टाकू नका, मंदिराजवळची माकडं आधीच बिघडलीत.