अंगावर खूण नव्हती

आमच्या लघुपटात रक्ताचा थेंब नाही, तरी आम्ही त्याला थरारपटच म्हणतो. वडशाजवळच्या गावातली एक संध्याकाळ. बाई अंगणात राखेनं भांडी घासतेय. लांबून मोटारसायकलचा आवाज येतो आणि तिचा हात थांबतो. गाडी नवऱ्याची नाही, दुसऱ्या गल्लीत वळली, की घासणं पुन्हा सुरू. "यात थरार कुठं हाये?" असं गावातल्याच काहींनी विचारलं. त्यासाठी मागं जावं लागतं.

26 मार्च 1972. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. जबाबासाठी पोलीस ठाण्यात आणलेल्या एका कोवळ्या आदिवासी मुलीवर तिथंच अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. एक कारण असं की तिच्या अंगावर जखमेची खूण नव्हती. खूण नाही, म्हणजे विरोध नाही! कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळासाठी कलम 498-अ आलं. शिवीगाळ, धाक, पैसे अडवून धरणं यांनाही हिंसा म्हणणारा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मात्र 2005 चा. तो लागू व्हायला 2006 चा ऑक्टोबर उजाडला.

मधल्या काळात, 1993 मध्ये, गडचिरोलीत दारूबंदी झाली. त्या मागणीत गावोगावच्या बाया होत्या, आणि त्यांचं दुखणं खरं होतं. तरी आमच्या गोष्टीतला नवरा पीत नाही. हे आम्ही मुद्दाम ठेवलं. तो प्यायलेला दाखवला की बघणारा सगळा दोष बाटलीवर टाकून मोकळा होतो.

बाईचं काम करणाऱ्या ताई झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांतल्या. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर चालणाऱ्या नाटकांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय. आम्ही सांगितलं, ताई, काही बोलू नका, फक्त ऐका. त्या म्हणाल्या, "हे तं मले येतेच."

पहिल्याच वेळी त्यांचा हात राखेत थांबला, तेव्हा आम्हाला वाटलं चुकलं. गाडीचा आवाज आमच्या कानावर त्यानंतर आला.