मोठ्या फॉरमॅटच्या निगेटिव्हचे डिजिटल संपादन

४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म अथवा काचेची प्लेट स्कॅन करून संगणकावर तिचे पॉझिटिव्ह (खऱ्या उजळ-गडद छटांचे चित्र) करणे, डाग काढणे, छटा बसवणे आणि छपाईसाठी फाइल तयार करणे या कामांची साखळी. सातारा-सांगली भागात हे काम दोन तऱ्हेच्या मालावर होते. एक, जुन्या स्टुडिओंतून आणि घरांच्या माळ्यांवरून निघणाऱ्या हाफ प्लेट (४¾×६½ इंच) व फुल प्लेट (६½×८½ इंच) निगेटिव्ह. दुसरा, कासच्या पठारावर किंवा कृष्णाकाठच्या घाटांवर हौशी मंडळी फील्ड कॅमेऱ्याने काढतात ती ४×५ शीट फिल्म (एकेका फोटोची सुटी फिल्म). कृती दोन्हींची एकच, पण जुन्या प्लेटवर हात फार सांभाळून चालवावा लागतो.

निगेटिव्हवर धुळीसाठी फक्त हवेचा ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरतात. बुरशी लागलेली किंवा पुराच्या पाण्यात भिजून सुकलेली निगेटिव्ह पाण्याने पुसू नये. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगे झालेले असते आणि ओल्या बोळ्याबरोबर चित्रच निघून येते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीकरांना ही खबरदारी वेगळी सांगायला नको. एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह जबरदस्तीने सोडवू नयेत.

घरगुती पातळीवर एप्सनचे व्ही ७०० ते व्ही ८५० हे फ्लॅटबेड स्कॅनर सर्रास वापरले जातात. जाहिरातीत ६४०० डीपीआय (इंचामागे ठिपके) असले तरी खरा तपशील साधारण २४०० पर्यंतच मिळतो. त्यापुढे फाइल फुगते, चित्र नाही. २४०० डीपीआयला ४×५ ची फाइल ९६००×१२००० पिक्सेलची होते : १६ बिट ग्रेस्केलमध्ये (फक्त करड्या छटांत) सुमारे २३० एमबी, आरजीबीमध्ये (लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांत) सुमारे ६९० एमबी. ८×१० इंचाची आरजीबी फाइल २.७ जीबीच्या पुढे जाते. फोटोशॉपच्या पीएसडी या फाइल प्रकाराची मर्यादा २ जीबी असल्याने ती टिफ किंवा पीएसबी (मोठ्या फाइलींचा प्रकार) मध्येच ठेवावी लागते. थर (लेयर) वाढल्यावर टिफचीही ४ जीबीची हद्द ओलांडली जाते.

काचेची प्लेट स्कॅनरच्या फिल्म धारकात बसत नाही. तिच्या कडांखाली पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन, इमल्शन (चित्र असलेला जिलेटिनचा थर) खाली करून ती स्कॅनरच्या काचेपासून किंचित उचलून ठेवतात. त्यामुळे इमल्शन घासत नाही आणि इंद्रधनुषी न्यूटन वलयेही टळतात. काचेच्या वरच्या टोकाची कॅलिब्रेशनची पट्टी मोकळी राहिली पाहिजे. तिच्यावर पुठ्ठ्याचा कोपरा आला की पूर्ण स्कॅनवर उभ्या रेघा येतात आणि माणूस विनाकारण स्कॅनरला दोष देत बसतो. इमल्शन खाली ठेवल्याने चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, म्हणून ते डावे-उजवे उलटवून घ्यावे. फोटोत पाटी नसेल तर कोटाची बटणे पाहावीत : पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते.

स्कॅन करताना ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग आणि धूळ काढणारी सोय बंद ठेवतात. ही सोय इन्फ्रारेडवर चालते आणि कृष्णधवल फिल्ममधील चांदी इन्फ्रारेडही अडवते, त्यामुळे ती चित्रालाच धूळ समजते. हिस्टोग्रामची (छटांच्या आलेखाची) दोन्ही टोके आत ठेवून स्कॅन फिकटच घ्यावा. मात्र १६ बिटमध्ये. फिकट निगेटिव्ह हिस्टोग्रामचा एक तृतीयांश भागच व्यापत असेल, तर ८ बिटमधील २५६ पैकी जेमतेम ८५ छटा हाती राहतात. त्या ताणल्या की पावसाळी आभाळात पट्टे दिसतात.

कृष्णधवल प्लेटही आरजीबीत स्कॅन करणे शहाणपणाचे. नीट न धुतल्याने आलेले पिवळे-तपकिरी डाग लाल चॅनेलमध्ये (आरजीबीच्या तीन रंगांपैकी फक्त लालच्या चित्रात) जवळपास नाहीसे होतात. पण रिटचरने (निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती करणाऱ्याने) चेहरा उजळण्यासाठी लाल रंगाचा हात दिला असेल, तर तोही त्याच चॅनेलमध्ये पुसला जातो. जुना प्रिंटिंग पेपर निळ्या प्रकाशाला संवेदनशील असे. त्यामुळे स्टुडिओला अभिप्रेत असलेला फोटो निळ्या चॅनेलमध्ये सापडतो. डागांची जागा लालमधून आणि चेहरा निळ्यातून, असा मास्क (नको तो भाग झाकणारा थर) लावून दोन्ही जोडता येतात.

पॉझिटिव्ह केल्यावर लेव्हल्स, मग कर्व्ह्ज ही छटा बसवण्याची साधने, दोन्ही वेगळ्या लेयरवर. मूळ स्कॅन हात न लावता बाजूला ठेवावा. स्पॉटिंग (डाग-ठिपके काढणे) १०० टक्के आकारात, रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशने करतात. फोटोशॉपमध्ये पेज डाउनने एक पडदा खाली आणि कंट्रोलसह पेज डाउनने एक पडदा उजवीकडे सरकत गेले की कुठलाही कोपरा सुटत नाही.

जुन्या स्टुडिओ निगेटिव्हवर खरी कसोटी इथेच लागते. रिटचर इमल्शनवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या भरत. शिसे चढले की घनता वाढते आणि प्रिंटवर ती जागा उजळते. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये (निगेटिव्हच्याच आकाराच्या प्रिंटमध्ये) न दिसणाऱ्या या बारीक रेघा मोठ्या केलेल्या स्कॅनमध्ये डोळ्यांखाली आणि कपाळावर जाळ्यासारख्या उमटतात. नवखा माणूस त्यांना बुरशी समजून पुसतो आणि चेहरा मेणाचा होतो. प्लेट प्रकाशात तिरकी धरली की शिसे चकाकते. बुरशीचे धागे बहुधा कडेकडून आत फांद्या फोडत जातात. पेन्सिलीचे काम हा त्या फोटोचाच भाग आहे. ते राहू द्यावे, फार तर रेघा मऊ कराव्यात.

रंगीत निगेटिव्हमध्ये नारिंगी मास्क (फिल्मचीच नारिंगी छटा) असतो. फिल्मच्या कोऱ्या कडेचा नमुना घेऊन तिन्ही चॅनेल वेगवेगळे जुळवले की तो निघतो, म्हणून स्कॅनमध्ये ती कड थोडी घ्यावी.

डॉज-बर्नसाठी (काही भाग उजळ, काही गडद करण्यासाठी) ५० टक्के करडा भरलेला सॉफ्ट लाइट लेयर पुरतो. शार्पनिंग शेवटी, छपाईच्या आकाराला आणल्यावरच. ४×५ चा २४०० डीपीआय स्कॅन ३०० पीपीआयला (इंचामागे पिक्सेल) ३२×४० इंच भरतो. कलर लॅबला बहुधा ८ बिट एसआरजीबी जेपीईजी लागते, तेव्हा थर मिटवलेली वेगळी प्रत काढून द्यावी. मोठ्या प्रिंटआधी चेहरा आणि सर्वांत गडद भाग येईल अशी ८×१० इंचाची पट्टी छापून पाहावी, कारण लॅबच्या कागदावर सावल्या पडद्यापेक्षा लवकर बुजतात.