पाळीव कुत्र्याचा स्वभाव

माणसांशी, इतर प्राण्यांशी आणि अनोळखी गोष्टींशी एखादा कुत्रा एरवी कसा वागतो, त्या वागण्याच्या टिकाऊ ठेवणीला त्याचा स्वभाव म्हणतात. तो किती चटकन दचकतो, दचकल्यावर किती वेळात सावरतो, एकटा राहू शकतो का, आपल्या खाण्याची वा जागेची राखण किती करतो, खेळाला किती उत्सुक असतो, ही स्वभावाची अंगे. शिकवलेल्या गोष्टी म्हणजे स्वभाव नव्हे. हुकुमासरशी बसणारा कुत्रा मनातून भेदरलेला असू शकतो आणि एकही हुकूम न येणारा कुत्रा पाहुण्यांच्या गर्दीत चटईच्या कडेला खुशाल घोरत पडलेला असतो. या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या मराठी घरांची आहेत. तिथली हवा, दाटीच्या गल्ल्या आणि घरात एकाच वेळी वावरणाऱ्या मराठी व हिंदी या दोन भाषा यांमुळे कुत्रा पाळण्याचे काही प्रश्न वेगळे होतात.

मराठी परंपरेत कुत्र्याला देवाजवळ जागा आहे आणि भाषेत मात्र नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात व त्यांना चार वेद मानतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याच्या भक्ताला ‘वाघ्या’ म्हणतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा घरोघरी सांगतात. बोलण्यात मात्र ‘कुत्रा’ ही शिवी आहे. म्हणींचेही तसेच. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण निम्मी खोटी आहे, कारण शेपूट वाकडे राहिले तरी वागणे बदलते. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही तर सरळ धोक्याची म्हण आहे. भुंकणारे कुत्रे चावतात.

स्वभाव कशाने घडतो : रक्त, पहिले काही आठवडे आणि पुढचा अनुभव या तिन्हींनी. रक्ताचा वाटा खरा आहे. दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 साली सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणसाला कमीत कमी बुजणारे कोल्हे तेवढे निवडून त्यांची वीण करत गेल्यावर थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी, माणसाचे हात चाटणारी पिल्ले दिसू लागली. पण रक्त म्हणजे जातीचे नाव नव्हे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली आणि 2,000 हून अधिक कुत्र्यांचे जनुकीय वाचन केले. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचा जेमतेम 9 टक्के उलगडा जातीवरून होतो, असे त्यातून दिसले. ‘लॅब्रॉडोर आहे, काही करत नाही’ हे दारात उभ्या पाहुण्याला दिले जाणारे आश्वासन म्हणूनच पोकळ ठरते. तो विशिष्ट लॅब्रॉडोर काय करतो, एवढाच प्रश्न खरा असतो.

सर्वांत मोलाचा काळ फार लवकर येतो आणि फार लवकर संपतो. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांवर बरीच वर्षे काम करून 1965 मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते ते त्याला ‘आपले’ वाटते. या काळात न भेटलेली गोष्ट पुढे संशयाची राहते. छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी, वरातीचा बँड, रस्त्यावरची गाय, सगळे याच यादीत येते.

अडचण अशी की याच आठवड्यांत पिल्लाचे लसीकरण अर्धवट असते. पार्व्हो विषाणूची लागण पिल्लांना प्राणघातक ठरू शकते आणि तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून पुष्कळ घरांत पिल्लाला चार महिने बाहेरचे दर्शनही होत नाही. मग पाचव्या महिन्यात त्याला महाराजबाड्याच्या गजबजलेल्या चौकात नेतात आणि ते टेंपोच्या आवाजाने जमिनीला चिकटते. मधला मार्ग सोपा आहे. पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर किंवा पिशवीत घेऊन हिंडवावे. दोन गल्ल्यांपलीकडच्या लसीकरण झालेल्या शांत कुत्र्याची ओळख घरातच करून द्यावी. रोज वेगळ्या माणसाने त्याला हाताने दाणा भरवावा. ओढून-ढकलून काही दाखवू नये. जबरदस्तीने भेटवलेली गोष्ट ‘आपली’ होत नाही, उलट तिची भीती पक्की बसते.

निवड : बहुतेक माणसे पिल्लू तोंड पाहून निवडतात. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा गावात जाड दुहेरी केसांचा सैबेरियन हस्की आणणे म्हणजे त्याला वर्षातले काही महिने वातानुकूलित खोलीत कोंडणे होय. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही, कारण श्वासाचा मार्गच आखूड केलेला असतो. लॅब्रॉडोर व जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. तेव्हा पिल्लाच्या गोंडस चेहऱ्याइतकेच त्याच्या आईच्या चालण्याकडे पाहावे. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर पिल्लू घेऊ नये. आईचा स्वभाव हा पिल्लाविषयी मिळणारा सर्वांत स्वस्त पुरावा आहे, आणि तोच मागायला लोक संकोचतात. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आठ आठवड्यांची अट कोरडी कायदेबाजी नाही. भावंडांशी मस्ती करतानाच पिल्लू दात किती रुतवायचे ते शिकते; जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो. महिन्याभराचे पिल्लू उचलून आणले तर हा धडा घरातल्या मुलांच्या बोटांवर गिरवला जातो.

सातव्या-आठव्या आठवड्यात पिल्लाला उताणे धरून किंवा टाळी वाजवून त्याचा पुढचा स्वभाव ओळखण्याच्या चाचण्या प्रचलित आहेत. त्यांवर फार विसंबू नये. त्या दिवशी पिल्लू दमलेले होते की भुकेले, एवढेच बहुधा त्यांतून कळते. प्रौढ कुत्रा दत्तक घेणाऱ्याला हा जुगार खेळावा लागत नाही, कारण स्वभाव समोर दिसत असतो. गल्लीतली देशी कुत्री इथल्या उन्हाला सरावलेली असतात, त्यांच्यात खुब्याचे वा नाकाचे असे ठरावीक दोष कमी असतात. मात्र गल्लीत वाढलेले मोठे कुत्रे साखळीला आणि बंद दाराला सहज रुळत नाही, हेही धरून चालावे.

भारतीय जातींत महाराष्ट्रात ‘कारवान’ आणि कर्नाटकात ‘मुधोळ’ म्हणून ओळखला जाणारा शिकारी कुत्रा मराठी घरांत कौतुकाचा विषय असतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला होता. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या चार श्वान-तिकिटांपैकी एक त्याचे आहे. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. घरात तो मांजरासारखा निवांत आणि काहीसा अबोल असतो, पण मैदानात ससा दिसला की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. याला हट्टीपणा म्हणणे चूक आहे. शेकडो पिढ्या त्याला मागे वळून न पाहण्यासाठीच निवडले गेले आहे.

कामाचा कुत्रा आणि घरचा कुत्रा : ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि तिथेच 1970 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र. माग काढणारी, स्फोटके व अमली पदार्थ हुंगणारी कुत्री आणि त्यांचे हाताळणारे जवान असे दोघेही इथे जोडीने शिकतात. अलीकडच्या काळात मुधोळ व रामपूर या देशी शिकारी जातीही दलात घेतल्या आहेत. ‘रिया’ ही मुधोळ कुत्री 2024 मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्यात पहिली आली आणि मेळाव्यातली सर्वोत्कृष्ट श्वान ठरली.

टेकनपूर जवळ असल्याने ‘आपल्यालाही तसलाच कुत्रा हवा’ अशी हौस शहरात बळावते, आणि गफलत इथेच होते. दलासाठी निवडताना चेंडूसाठी वेडा होणारा, दमून न थांबणारा, अडथळा आला की दुप्पट ईर्ष्येने जाणारा कुत्रा शोधतात. हुंगण्याच्या कामाचे बक्षीसही पुष्कळदा चेंडूचा खेळ एवढेच असते. असाच एखादा बेल्जियन मॅलिनॉ, म्हणजे पोलीस व सुरक्षा दलांच्या पसंतीच्या जातीचा कुत्रा, फाळके बाजाराजवळच्या तिसऱ्या मजल्यावर, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटांच्या फेरीवर ठेवला, तर महिन्याभरात सोफ्याचा काथ्या बाहेर येतो. कुत्रा बिघडलेला नसतो, बेकार असतो. घरासाठी मधल्या वकुबाचा, चटकन सावरणारा, थोडा आळशी कुत्रा उत्तम. पैदास करणारे अशा पिल्लाची स्तुती सहसा करत नाहीत.

शिक्षण : ‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे लागते’ ही समजूत लांडग्यांच्या एका जुन्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या परक्या लांडग्यांची भांडणे पाहून कळपातल्या वरचढपणाचे चित्र रंगवले. मोकळ्या रानातला कळप हा बहुतांशी आई-बाप आणि त्यांची पिल्ले असतो, हे डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट केले. त्यांच्याच 1970 च्या पुस्तकाने आधीची कल्पना लोकप्रिय केली होती. तरी कुत्र्याला उताणे दाबून धरण्याचा, मानगूट हलवण्याचा उपदेश अजून चालूच आहे. त्यातून कुत्रा एवढेच शिकतो, की या माणसाचे हात भरवशाचे नाहीत.

ज्या वागण्याचा फायदा होतो ते वागणे वाढते, हे शिक्षणाचे सूत्र. बक्षीस कृतीनंतर सेकंदा-दोन सेकंदांत मिळावे, तुकडा नखाएवढा असावा आणि एक बैठक पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नये. शू-शी शिकवताना झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला ठरल्या जागी न्यावे. घरात झालेली चूक नंतर नाक घासून दाखवण्यात अर्थ नसतो. तासाभरापूर्वीच्या गोष्टीशी शिक्षेचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्याचा ‘अपराधी’ चेहरा हा पश्चात्ताप नसून समोरच्याच्या रागाची भीती असते.

शब्दांचा घोटाळा ग्वाल्हेरच्या मराठी घरांत विशेष होतो. मराठीत ‘बस’ म्हणजे खाली बसणे. हिंदीत ‘बस’ म्हणजे पुरे. आजी कुत्र्याला ‘बस’ म्हणते आणि तो बसतो. मग पाहुणा चहा ओतणाऱ्या सुनेला ‘बस, बस’ म्हणतो, कुत्रा पुन्हा बसतो आणि त्याला काहीच मिळत नाही. त्यात यजमान दारातल्या प्रत्येकाला ‘बसा, बसा’ म्हणत असतात. असे पन्नासदा झाले की तो शब्द कुत्र्यासाठी मरतो. बोलावण्याचेही तेच. आजोबा ‘यू यू’ करतात, शेजारी ‘तू तू’ करतात, नातू ‘कम’ म्हणतो. कुत्रा दोन भाषा शिकू शकतो, पण एका कृतीला एकच शब्द, तोही रोजच्या बोलण्यात फारसा न येणारा, असावा. घरात बसून तो ठरवावा आणि भिंतीवर लिहून लावला तरी हसू नये. कुत्र्याचे नाव रागवण्यासाठी वापरू नये, नाही तर ‘मोती!’ म्हटल्यावर मोती पलंगाखाली जातो.

नियम कसा टिकतो याचे उत्तम उदाहरण जुन्या घरांत दिसते. देवघराच्या उंबरठ्याआड कुत्र्याला प्रवेश नसतो आणि तो हा नियम काही दिवसांत आयुष्यभरासाठी शिकतो. तोच कुत्रा सोफ्यावर न चढण्याचा नियम कधीच शिकत नाही. देवघराच्या बाबतीत घरातले एकही माणूस सवलत देत नाही. सोफ्यावर मात्र आई उतरवते आणि नातू चढवतो. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तत्त्व सोफ्यावर रोज सिद्ध होते.

देहबोली : हलणारे शेपूट म्हणजे आनंदच असे नाही. शेपूट उंच ताठ आणि थोडेसे थरथरत असेल, अंग आखडलेले असेल, तर तो ताण आहे. सैल अंगानिशी कंबरेपासून हलणे हा स्नेह. इटलीतील संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले की मालक दिसल्यावर शेपटीचा झोका उजवीकडे अधिक जातो आणि अनोळखी वरचढ कुत्रा दिसल्यावर डावीकडे. झोप आलेली नसताना जांभई, खाणे नसताना नाक चाटणे, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे ही ‘मला नको आहे’ची सौम्य भाषा. मूल मिठी मारते आणि घरचे छायाचित्र काढतात, त्या छायाचित्रांत ही चिन्हे पुष्कळदा स्पष्ट दिसतात. लहान मूल आणि कुत्रा, दोघेही कितीही गुणी असले तरी, मोठ्यांच्या नजरेआड एकत्र ठेवू नयेत.

गुरगुरण्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. गुरगुरणे ही चावण्याआधीची नोटीस असते. मारून ती बंद पाडली तर भीती तशीच राहते, फक्त नोटीस जाते. मग ‘काही कारण नसताना चावला’ अशी तक्रार येते. ताटावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे ताट ओढून घेऊ नये. लांबून चांगला तुकडा ताटात टाकत टाकत जवळ जावे, म्हणजे माणसाचे येणे हीच फायद्याची गोष्ट होते.

ऋतू आणि सण : उन्हाळ्यात फेरी सूर्योदयापूर्वीच उरकावी. डांबरावर तळहाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. दिवाळीच्या फटाक्यांची तयारी दिवाळीत होत नाही. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण महिनाभर आधीपासून, अगदी बारीक आवाजात, खाण्याच्या वेळी ऐकवावे लागते. सणाच्या पानातले दोन पदार्थ कटाक्षाने टाळावेत : कांदा-लसूण, आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे. बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर व पुढे पशुवैद्याच्या सांगण्यानुसार नियमित द्यावी. कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

स्वभावातला बदल : सौम्य कुत्रा एकाएकी चिडका झाला तर शिक्षकाआधी पशुवैद्याकडे न्यावा. ठणकणारा कान, सडलेला दात, सांधेदुखी यांमुळे कुत्रा हात लावू देत नाही. नसबंदीने भटकणे आणि खुणा करत मुतणे कमी होऊ शकते. भीतीपोटी चावणे त्याने जात नाही. म्हातारपणी ऐकू आणि दिसू येईनासे झाले की झोपेत हात लागताच कुत्रा दचकून चावू शकतो. अशा कुत्र्याला स्पर्श करून उठवू नये. जवळ जाऊन जमिनीवर दोनदा पाय आपटावा, हादरा त्याला कळतो, आणि त्याने मान वर केल्यावरच हात पुढे न्यावा.