मॉरिशस: उसाचे बेट आणि दूर लिहिलेले करार

मॉरिशसचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या जेमतेम निम्मे. मादागास्करच्या पूर्वेला, ज्वालामुखीतून वर आलेले. सभोवार प्रवाळाचे कडे, मधोमध पठार. आग्नेयेचे वारे पठारावर पाऊस पाडतात, पश्चिम किनारा कोरडा राहतो. शेतात काळा दगड एवढा, की तो वेचून रचलेले ढीग अजून उसाच्या फडात बुरुजांसारखे उभे आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. वादळात केळी आणि भाजीपाला जातो. ऊस लोळतो, पण मुळे टिकतात आणि खोडवा पुन्हा फुटतो. हे बेट एकाच पिकाच्या नादी का लागले, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे दूर देशी लिहिल्या गेलेल्या कागदांत.

ऊस डचांनी १६३९ मध्ये आणला. ते १७१० मध्ये निघून गेले. १७२१ पासून फ्रेंचांनी गुलामांच्या श्रमावर वसाहत उभारली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींत फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे आणि रीतिरिवाज शाबूत ठेवले. म्हणून आजही संसदेचे कामकाज इंग्रजीत, वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंच, घरात बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली लोकभाषा. आणि दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा असूनही शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश अपील न्यायपीठाकडे.

१८२५ मध्ये ब्रिटनने इथल्या साखरेवरचे आयात शुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतके खाली आणले आणि उसाखालची जमीन झपाट्याने वाढली. दहा वर्षांत गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ भारतीय मजूर राजधानी पोर्ट लुईला उतरले. करार, म्हणजेच गिरमिट, पाच वर्षांचा. महिना पाच रुपये आणि शिधा. पुढे ‘दुहेरी कपात’ रूढ झाली: एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजाऱ्यालाही तिची झळ बसे, त्यामुळे महिनाअखेर हातात येणारा पैसा करारातल्या आकड्याशी क्वचितच जुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय इथे आले, बहुसंख्य कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांतल्या कोकणी मुलखातल्यांचे वंशज आज तिथले मराठी भाषक. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि प्राथमिक शाळेत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. घेणारे बहुतेक जुने गिरमिटवाले. यातून छोटा ऊसकरी तयार झाला, पण गाळप मोठ्यांच्याच हाती राहिले. १९३७ मध्ये ‘उबा’ जातीच्या उसाला कारखान्यांनी कमी भाव दिला. ती जात मुख्यतः छोट्यांच्या शेतात होती. दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर मजूर पक्षाची चळवळ मागे हटली नाही.

१९४८ च्या निवडणुकीत बेटावरची कुठलीही एक भाषा साधी लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळाले. गावोगावच्या ‘बैठकां’मधून, म्हणजे भारतीयांच्या जमण्याच्या जागांतून, रात्री अक्षरे गिरवून घेतली गेली ती यासाठीच. सर्वांना मताधिकार १९५९ मध्ये, स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ रोजी. तारीख दांडीयात्रेच्या आरंभाची, मुद्दाम निवडलेली. १९९२ मध्ये त्याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला. राष्ट्राध्यक्षपद औपचारिक, सत्ता पंतप्रधानांकडे. वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि देशाच्याच रॉड्रिग्ज या छोट्या बेटावरून दोन खासदार निवडले जातात. एका मतदाराला तीन मते असल्याने लाट आली की सगळेच वाहून जाते: १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये मुख्य बेटावर निकाल ६०-० लागला. हरलेल्यांतून समाजनिहाय जास्तीत जास्त आठ जणांना संसदेत घेणारी तरतूद आहे, म्हणून विरोधी बाक पूर्ण रिकामे राहत नाहीत.

अर्थव्यवस्थेबद्दल ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या १९६१ च्या अहवालाने निराशेचाच सूर लावला होता: मलेरिया हटल्याने लोकसंख्या फुगतेय, ऊस सगळ्यांना पोसणार नाही. तो अंदाज चुकला, पण त्यात निर्यात क्षेत्राच्या १९७० च्या कायद्याइतकाच वाटा परदेशी सवलतींचा होता. १९७५ पासून युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेतली. त्या पैशातला काही भाग कापड गिरण्यांत गेला. कापडालाही युरोप-अमेरिकेच्या कोट्यांचा आडोसा होता. कोटे २००४ अखेर संपले. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला. छोटे कारखाने बंद झाले. उरलेले बगॅस, म्हणजे उसाची चिपाडे, जाळून वीज विकतात. गाळप नसते तेव्हा त्याच बॉयलरमध्ये कोळसा जातो, हे ‘हरित’ जाहिरातीत येत नाही.

तोवर तिसरा आधार मिळाला होता: भारताशी १९८३ पासून लागू झालेला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार. मॉरिशसमधल्या कंपनीला भारतीय शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर कर लावायचा अधिकार मॉरिशसला, आणि मॉरिशस तो लावतच नव्हता. भारताची दारे १९९१ नंतर उघडली आणि पोर्ट लुईमधल्या कार्यालयांमार्गे पैसा भारतात वाहू लागला. त्यात भारतातलाच पैसा फिरून येतो, हा आरोप सतत होत राहिला. २०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर भारत कर लावतो. पहिली दोन वर्षे तो निम्म्या दराने होता.

हिंदी महासागरातल्या, तेव्हा मॉरिशसच्या कारभाराखालच्या चागोस द्वीपसमूहाचा कागद याहून जुना. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याआधीच, ब्रिटनने तो तीस लाख पौंड देऊन तोडून घेतला. तिथल्या रहिवाशांना पुढे हलवले आणि त्यातल्या दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकी लष्करी तळ उभा राहिला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हे तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले. २२ मे २०२५ रोजी सही झालेल्या कराराचे गणित असे: सार्वभौमत्व मॉरिशसला, तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे, आणि ब्रिटनने त्याचे द्यायचे भाडे सरासरी वर्षाला सुमारे दहा कोटी पौंड.