इम्प्लांटजवळच्या सौम्य गाठी आणि त्यातली म्युटेशन्स

दाताच्या इम्प्लांटला (पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूला) लागून हिरडीवर कधीकधी लाल किंवा निळसर-जांभळी गाठ येते, ब्रश लागला की रक्त येतं, पण दुखत मात्र फारसं नाही. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. यात दोन प्रकार ठळक आहेत, पायोजेनिक ग्रॅन्युलोमा आणि पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा. पहिल्याचं नावच मुळात चुकलंय, पायोजेनिक म्हणजे पू करणारा आणि ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेतल्या पेशींचा गोळा, पण त्यात ना पू असतो ना खरा ग्रॅन्युलोमा, असतात ते बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. दुसऱ्यात मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीत कितीतरी केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी दिसतात, हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टसारख्याच, आणि ही गाठ इम्प्लांटच्या कडेचं हाडही खाऊ शकते.

दोन्हींना वर्षानुवर्षं 'रिॲक्टिव्ह' म्हटलं गेलं, म्हणजे दातावरचं कीट, प्लाक (जंतूंचा चिकट थर), खुपणारी कड, सैल क्राउन (वरची टोपी) असं काहीतरी सतत टोचत राहिलं म्हणून शरीराने जास्तीचं मांस वाढवलं असा समज. १९५३ साली जाफे यांनी जबड्यातल्या जायंट सेल गाठीला 'रिपेरेटिव्ह' म्हणजे दुरुस्ती करणारी असंच नाव दिलं होतं. मग २०१८ मध्ये जबड्याच्या जायंट सेल गाठींचं सिक्वेन्सिंग (जनुकांची अक्षरं वाचणं) झालं आणि त्यात टीआरपीव्ही४, केरास आणि एफजीएफआर१ या जनुकांमध्ये म्युटेशन्स, म्हणजे जनुकातले बदल, सापडले. हिरडीवरच्या जायंट सेल गाठीत मुख्य नाव केरासचं, आणि पुढे इम्प्लांटजवळच्या अशाच गाठी तपासल्या तर तिथेही केरासच निघालं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण नुसत्या टोचण्याने वाढलेल्या मांसात असं म्युटेशन असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

केरास हे पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं एक बटण समजा. जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू चिकटला की चालू, तो तुटून त्याचा जीडीपी झाला की बंद. केरास प्रोटीनच्या साखळीत १२ व्या जागेवर म्युटेशन झालं तर जीटीपी तोडण्याचं काम अडतं, आणि १४६ व्या जागेवर झालं तर जुना जीडीपी भराभर सुटून नवा जीटीपी येऊन बसतो, वाट वेगळी पण परिणाम एकच, बटण चालूच राहतं आणि पुढचा एमएपीके मार्ग (वाढीचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी साखळी) धावत सुटतो. मोठ्या पेशी जितक्या डोळ्यात भरतात तितक्या त्या मूळ दोषी नाहीत, म्युटेशन आजूबाजूच्या एकेरी केंद्रकाच्या पेशींत असतं असं मानलं जातं.

केरास म्हटलं की स्वादुपिंडाचा किंवा आतड्याचा कॅन्सर आठवतो आणि रिपोर्ट हातात आला की माणूस घाबरतो. पण एकट्या केरासने कॅन्सर होत नाही, त्यासाठी आणखी बरेच बिघाड साठावे लागतात, आणि हे म्युटेशन फक्त त्या गाठीतच असतं, आईवडिलांकडून आलेलं नाही आणि मुलांकडे जाणारही नाही. इम्प्लांटच्या धातूमुळे म्युटेशन होतं असंही सिद्ध झालेलं नाही.

पायोजेनिक ग्रॅन्युलोमाची गोष्ट वेगळी. त्वचेवरच्या अशा गाठींत बीरॅफ आणि रास (केरास ज्या कुटुंबातलं ते) या जनुकांची म्युटेशन्स सापडलीत, पण तोंडातल्या गाठी तपासल्या तेव्हा एमएपीके मार्ग चालू दिसला तरी ही म्युटेशन्स मिळाली नाहीत. म्हणून दोन्ही गाठी एकाच माळेत ओवू नयेत.

उपचार अजून म्युटेशन बघून ठरत नाहीत. गाठ मुळापासून काढायची, खालचं हाड खरवडायचं, इम्प्लांटचा पृष्ठभाग साफ करायचा, तरी ती परत येऊ शकते आणि कधी इम्प्लांटच काढावा लागतो. काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवायलाच हवा, कारण तोंडाचा कॅन्सरही इम्प्लांटभोवतीच्या साध्या सुजेसारखा दिसू शकतो. जायंट सेल निघाल्या तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही बघायचं, कारण पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) बिघडल्यावर जबड्यात येणारी ब्राउन ट्यूमर नावाची गाठ मायक्रोस्कोपखाली तशीच दिसते आणि तिच्यातही केरास म्युटेशन सापडलंय, त्यामुळे नुसत्या जनुकाच्या रिपोर्टवरून दोघांतला फरक कळत नाही, तो रक्ताच्या तपासणीतूनच कळतो.